टप्पा खाणारं डोकं

जाहिरातीच्या ऑफिसातून मोशन ग्राफिक्स, म्हणजे चित्रं हलती करायला शिकायला कुणाला तरी पाठवायचं ठरलं, तेव्हा साहेबांनी आपल्या भाच्याचं घोडं पुढे दामटलं. तिथे चित्रं काढणाऱ्या, वयाने सगळ्यांत मोठ्या ताईंनीही नाव दिलं होतं; त्यांना ते सगळ्यांदेखत म्हणाले, "ताई, चित्र हलेपर्यंत तुमची मान हलायला लागेल!"

ताई गोड हसल्या आणि त्याच संध्याकाळी त्यांनी पदरमोड करून क्लास लावला.

पहिला धडा चेंडूचा होता. खाली येताना त्याचा वेग वाढला पाहिजे आणि जमिनीला टेकताच तो चपटा झाला पाहिजे. ताईंनी चेंडूच्या जागी साहेबांचं टक्कल बसवलं. बाकीचे सरावाला कंटाळले, पण ताईंचं काही समाधान होईना. डोकं आपटायचं, चेपायचं, उसळायचं आणि ताई ते पुन्हा आपटायच्या. महिन्याभरात त्यांचा हात असा बसला की शिकवणारेच बघत राहिले.

दुसऱ्या कंपनीतल्या मुलाखतीत ताईंनी तेच डोकं दाखवलं.

"अगदी पोकळ असल्यासारखं उसळतंय हो," तिथल्या मॅडम म्हणाल्या.

"पोकळच आहे, मॅडम."

"माहितीये. मीही त्यांच्याच हाताखाली होते. सोमवारपासून या. आणि हे आधी माझ्या मोबाइलवर पाठवा."