वेर्बिव्काचा बर्फनांगर

मित्रांनो, मी एक जुना नांगर आहे. पण मातीत माझा फाळ कधी गेला नाही. माझं शेत म्हणजे रूळ आणि मी उपसतो तो बर्फ. आगगाडीच्या डब्याएवढं माझं अंग, पुढे पोलादाची रुंद चोच आणि माथ्यावर काचेची छोटीशी खोली. मला स्वतःचं इंजिन नाही. मागून इंजिन रेटतं आणि मी बर्फ फोडत पुढे जातो.

कॅनडाच्या गव्हाच्या मुलखात, युक्रेनहून आलेल्या लोकांनी वसवलेल्या वेर्बिव्का गावात आमचा रेल्वेचा फाटा संपतो. रूळ सांभाळणाऱ्या टोळीचा मुकादम ओरेस्ट बिलिक एकतीस हिवाळे माझ्या काचेच्या खोलीत बसला. आम्ही वाट काढायचो तेव्हा मागून कोळसा यायचा, टपाल यायचं, एकदा तर अडलेल्या बाळंतिणीसाठी डॉक्टर आला. दोन्ही बाजूंना बर्फाचे फवारे उडवत मी गावात शिरलो की लोक टोप्या उंचावून आरोळ्या ठोकायचे. मला फार अभिमान वाटायचा.

पुढे हमरस्ता झाला. रेल्वे कंपनीनं आमच्याकडे पाठ फिरवली. स्टेशनमास्तर गेला, रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजू लागले, गाडी आठवड्यातून एकदा, तीही रखडत येऊ लागली. मला कडेच्या रुळावर ढकललं. गंज चढला. पाखरांनी माझ्या खोलीत घरटी केली. ओरेस्ट निवृत्त झाला होता, तरी दर शरदात वंगणाचा डबा घेऊन यायचा. "लोक म्हणतात, ओरेस्टला वेड लागलंय," तो माझ्या बिजागऱ्यांना वंगण चोपडत पुटपुटायचा. "म्हणू देत."

एका जानेवारीत स्टेशनच्या भिंतीवर नोटीस लागली. मागणी नाही, म्हणून हा मार्ग कायमचा बंद करायचा कंपनीचा विचार आहे. हरकती असतील त्यांनी चौकशी न्यायाधीशांपुढे मांडाव्यात. मार्ग गेला की धान्याचं कोठार जाणार, कोठारामागून दुकान आणि शाळा. हे सगळ्यांना कळत होतं. पण उठून उभी राहिली ती पारास्का ह्नातिउक, आमची पोस्टमास्तरीण.

"टपाल मागायला गेलं की बाई आधी हरकतीच्या अर्जावर सही मागते!" ओरेस्ट मला हसत सांगायचा. "आमच्या पाद्र्यांनासुद्धा म्हणाली, आशीर्वाद नंतर द्या, आधी इथं नाव लिहा."

फेब्रुवारीत गावातच सुनावणी ठरली. पण दोन दिवस आधी हिमवादळ आलं आणि हमरस्ता बर्फाखाली गडप झाला. न्यायाधीश मॅकईवन आणि कंपनीचे अधिकारी हॅल्डन चाळीस मैलांवरच्या जंक्शनात अडकले. हॅल्डनसाहेबांनी पारास्काला फोन केला. "सुनावणी इथंच उरकू. तुम्हाला येता येत नसेल, तर गैरहजर म्हणून नोंद होईल."

"म्हणजे रस्त्यानं येता येत नाही, हे तुम्हीच कबूल करताय?" पारास्का म्हणाली. "बसा तिथंच. आम्ही न्यायला येतोय!"

आठवड्याची गाडी वादळामुळे आमच्याच गावात अडकली होती. ती परत न्यायची तर रूळ मोकळे व्हायला हवेच होते, म्हणून कंपनीच्या नियंत्रकानं मला बाहेर काढायची परवानगी दिली. सारं गाव फावडी घेऊन धावलं. किती वर्षांनी एवढे हात मला लागले!

"ओरेस्टकाका, हे धूड चालेल?" इंजिनचालक वॉल्टरनं विचारलं.

"तू मागून रेट. पुढचं आम्ही दोघं बघतो."

तळ्याजवळच्या खिंडीत घराएवढा ढीग होता. मी धडकलो आणि रुतलो. मागे आलो, पुन्हा धडकलो. तिसऱ्या वेळी माझे सांधे कण्हू लागले. वाटलं, संपलं आपलं. पण वंगणानं इमान राखलं. चौथ्या धडकेला बर्फाची भिंत फुटली आणि समोर निळं आभाळ दिसलं. ओरेस्ट लहान मुलासारखा ओरडला!

जंक्शनात मला फिरवून पुन्हा गावाकडे तोंड केलं. वाऱ्यानं रूळ परत बुजत होते. न्यायाधीश मागच्या डब्यात बसेनात. "मी वर काचेच्या खोलीत बसणार," म्हणाले. नाइलाजानं हॅल्डनसाहेबही वर चढले.

वाटेत न्यायाधीशांनी बोट दाखवलं. "तो काळा ठिपका कसला?"

"मोटारीचं टप, साहेब. काल लोक तिला सोडून चालत परतले. त्याखाली हमरस्ता आहे."

हॅल्डनसाहेब खाकरले. "अशी वादळं काही रोज येत नाहीत."

"छे, छे," ओरेस्ट गंभीरपणे म्हणाला. "फक्त हिवाळ्यात."

न्यायाधीश इतके हसले की माझ्या काचा थरथरल्या.

सुनावणी बर्फावरच्या खेळांच्या दालनात झाली. मी बाहेरच होतो. आतलं ओरेस्टनं नंतर सांगितलं. हॅल्डनसाहेबांनी मागणी घटल्याचे तक्ते दाखवले. पारास्का उठली. "साहेब, गाईचा चारा तोडायचा आणि दूध देत नाही म्हणून तिला हाकलायचं, हा कुठला न्याय? आधी नीट गाडी सोडा. मग आमची मागणी मोजा." मग एकामागून एक एकसष्ट माणसं बोलली. कुणी घरी गेलं नाही.

जूनमध्ये निकाल आला. मार्ग बंद होणार नाही. कंपनीनं तो दुरुस्त करावा! पारास्कानं तो स्टेशनसमोर मोठ्यानं वाचला. शेवटचा शब्द आरोळ्यांत बुडाला. चर्चची घंटा वाजली, स्टेशनच्या ओट्यावर पेरोहींच्या, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्यांच्या, परातीच्या पराती आल्या, आणि न नाचणारा ओरेस्ट पारास्काबरोबर नाचला. सुगीला नव्या स्लीपरांवरून गव्हानं भरलेले चाळीस डबे शिट्टी देत गेले. त्या दिवशी मला लाल रंग लागला. पण रंगापेक्षा मला वंगणाचं मोल जास्त वाटतं, कारण ते कुणी बघत नसताना लावलेलं होतं.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादी शाळा, एखादं वाचनालय किंवा रेल्वेचा फाटा असाच कडेला पडला असेल. त्याचा वापर ठेवा, त्याची निगा राखा. आणि त्याच्या दारावर कधी नोटीस लागलीच, तर नुसती वाचून पुढे जाऊ नका.

आता मला रजा द्या. पहाटेपासून बर्फ पडतोय आणि मागून इंजिन जोडल्याचा धक्का आत्ताच बसला.