लॉर्ड पर्सिव्हलला कुणी शिव्या देईना

माझा नवरा दर शनिवारी संध्याकाळी हॅझल फोर्कच्या शाळेच्या बास्केटबॉल हॉलमध्ये लॉर्ड पर्सिव्हल व्हायचा. लंडनचा उमराव. अंगात जांभळा मखमली झगा, जो मी चर्चच्या जुन्या पडद्यातून शिवला होता. हातात चंदेरी मुठीची काठी. आणि नाकाशी अत्तराचा रुमाल, कारण केंटकीच्या डोंगरातल्या माणसांचा वास म्हणे उमरावांना सोसत नाही. घरात पडदे ओढले की तो पुन्हा व्हर्लन टॅकेट व्हायचा, पलीकडच्या खोऱ्यातल्या खाणकामगाराचा धाकटा मुलगा. लंडन त्यानं पाहिलं होतं. पेट्रोल पंपावर फुकट मिळालेल्या कॅलेंडरात, एप्रिलच्या पानावर.

तो मूळचा कुठला हे अर्ध्या गावाला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. तिकीट काढून आलेल्या माणसाला दोन्ही जमतं.

आमच्या कुस्तीत जाती दोनच, सज्जन आणि दुर्जन. कुणी कुणाला चीत करायचं ते हॉब साइझमोर ठरवतात. आखाडा त्यांचा, ट्रक त्यांचा, मक्याच्या लाह्यांचं यंत्रही त्यांचंच. बाहेरचे लोक याला नुरा कुस्ती म्हणतात. म्हणोत बापडे. मोडलेल्या बरगड्यांना कुणी हे सांगितलेलं नसतं, त्या खऱ्याच मोडतात.

हॉब काकांचा नियम एकच होता, पण तो बायबलच्या वरचा. सज्जन आणि दुर्जन गावात एकत्र दिसता कामा नयेत. एका गाडीत नाही, एका टेबलाशी नाही, एका अंत्ययात्रेत नाही. डेनी रस्क हा आमच्याकडचा मुख्य सज्जन, सोनेरी केसांचा, आयांचा लाडका. तो व्हर्लनचा जिवलग मित्र. आमच्या लग्नाला तो आला होता, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. आमच्या लेकीच्या, लेटीच्या वेळी मी कळा देत होते, तेव्हा तिथल्या नर्सकडे शनिवारचं पुढच्या रांगेतलं तिकीट होतं. म्हणून नवरोबांना बाहेर ओरडावं लागलं, "हे इस्पितळ आहे की गोठा?" मग आत येऊन, दार लावून, माझे पाय धरून तो रडला. लॉर्ड रडतात तसा नाही, खाणकामगाराचा मुलगा रडतो तसा, शेंबूड पुसत.

अशा रीतीनं आमचा संसार सुखात चालला होता. गाव त्याला मनापासून शिव्या घालत होतं. गाडीचे टायर दोनदा फाडले, ते कौतुक म्हणून आम्ही सोसलं. ओमा मावशी प्रेटर या पहिल्या रांगेत बसणाऱ्या विधवा बाईंनी एकदा टोपीची लांब पिन त्याच्या मांडीत खुपसली होती. ती जखम व्हर्लन पाहुण्यांना पदकासारखी दाखवायचा.

मग लेटी तीन महिन्यांची झाली आणि मला ताप आला.

घरात एक स्वच्छ दुपटं नव्हतं. व्हर्लन म्हणाला, "मी जातो लाँड्रीत." मी म्हटलं, "पोरीला?" म्हणाला, "नेतो की." माझ्या डोक्यात ताप होता, त्याच्या डोक्यात तर तेवढंही निमित्त नव्हतं. सगळ्या जिल्ह्यातला सर्वांत नीच माणूस भर दुपारी, बिनझग्याचा, एका खांद्यावर मुलगी टाकून लंगोटांच्या घड्या घालत उभा राहिला. आणि गात. स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या खोऱ्याच्या हेलात, त्याची आजी म्हणायची ती अंगाई. लॉर्ड पर्सिव्हलच्या पाठीवर दुधाचा ओघळ. समोरच्या यंत्रापाशी ओमा मावशी, पाद्रींची बायको आणि पोस्टातली मुलगी. आमच्याकडे बातमी पसरवायला यापेक्षा कमी बायकाही पुरतात.

त्या शनिवारी तो काठी आपटत हॉलमध्ये शिरला. नाकाशी रुमाल नेला. एरवी या क्षणी छप्पर हलायचं. त्या दिवशी वरच्या बाकांवरून एका बाईनं विचारलं, "दात आला का हो छकुलीला?"

हशा झाला. चांगला, मायेचा हशा. व्हर्लन पुढे म्हणाला, "तुम्ही अडाणी, घाणेरड्या..." आणि ओमा मावशी शेजारणीला म्हणाल्या, "बिचारा. झोप झालेली नाही त्याची. डोळे बघ." त्यानं लपवलेल्या साखळीनं डेनीला मारलं. कुणी पंचाला ओरडून सांगितलं नाही. सामना संपल्यावर मावशींनी पिशवीतून काहीतरी काढलं. व्हर्लननं सवयीनं मांडी मागे घेतली. पिन नव्हती. लोकरीची टोपी होती, पिवळी, वर गोंडा.

सोमवारी हॉब काका आमच्याकडे आले. खुर्चीत बसले नाहीत.

"त्या प्रेटरबाईनं तुला टाटा केला," ते म्हणाले. "मी डोळ्यांनी बघितलं. टाटा! अरे गाढवा, पंधरा मैलांवरून लोक तुझा द्वेष करायला येतात. त्यांना मी काय विकू आता? तुझी अंगाई?"

"होईल कमी, काका. विसरतील."

"बाळ विसरतं का कुणी? ते वाढत जातं." मग माझ्याकडे वळले. "तू तरी सांगायचंस ना, आर्व्हेला. दुर्जनाच्या बायकोनं आजारी पडायचं असतं का?"

"चुकलंच माझं," मी म्हटलं. "पुढच्या वेळी आधी तुम्हाला विचारून ताप आणीन."

ते हसले नाहीत. म्हणाले, "येत्या शनिवारी डेनीशी लावलाय तुझा सामना. हरेल तो गाव सोडेल."

इतर धंद्यांत माणसाला काढतात ते दार लावून. आमच्यात तिकीट लावून काढतात. हरलेला माणूस सगळ्यांसमोर उताणा पडतो, पंच तीन मोजतो, गाव हात हलवून निरोप देतं, आणि मग तो त्या आखाड्यात परत कधी दिसत नाही.

"आणि त्यांनी शिव्या घातल्या तर?" मी विचारलं.

"पूर्वीसारख्या? कडाडून?" हॉब काकांनी टोपी घातली. "तर डेनी पडेल, आणि त्याला मी पलीकडच्या जिल्ह्यात फिरवून आणीन थोडे दिवस. त्याला तशीही तिथली एक मुलगी आवडलीय. पण त्यांनी शिव्या घालायला हव्यात. नुसतं हू हू चालणार नाही."

ते गेल्यावर व्हर्लन लेटीचा पाळणा हलवत बसला. दुसरं काम त्याला एकच येत होतं, ते जमिनीखालचं. त्याच्या वडिलांच्या छातीतून जिना चढताना जो आवाज यायचा, तो आम्ही दोघांनी ऐकला होता.

आठवडाभर त्यानं मेहनत घेतली. दुष्टपणाचीही तालीम लागते. हॉटेलात जाऊन म्हणाला, इथला रस्सा भिंतींना लावायच्या लायकीचा आहे. मालकीण म्हणाली, "खरं बोललात," आणि माझ्यासाठी डबा बांधून दिला. शाळेच्या फुटबॉल संघाला भर रस्त्यात लंगड्या कोंबड्या म्हणाला. संघ आदल्याच आठवड्यात सपाटून हरला होता. प्रशिक्षकानं टाळ्या वाजवल्या. शेवटी त्यानं पाद्रींना गाठलं आणि असल्या प्रवचनानं लंडनमध्ये घोडे झोपतात असं सांगितलं. पाद्री म्हणाले, "लेकरू आल्यापासून तुझी जीभ किती मऊ झाली रे."

शनिवारी मी हॉलमध्ये गेले. पैलवानांच्या बायकांनी यायचं नाही, हा त्या नियमाचाच पोटनियम होता. पण शेवटचा सामना असेल तर तो मला बघायचा होता, आणि नवऱ्याला गावाबाहेर घालवणारी माणसं निदान समोरासमोर बघायची होती. ती सगळी इतकी प्रेमळ निघाली की चीड आली. जागा करून दिली. लेटीला मांड्यांवरून मांड्यांवर फिरवत पहिल्या रांगेत पोचवलं. मी ओमा मावशींशेजारी बसले. लेटीच्या डोक्यावर पिवळी टोपी.

"काळजी नको करू पोरी," मावशी म्हणाल्या. "आम्ही आज त्याच्यासाठी देवाजवळ मागितलंय."

"काय मागितलंत?"

"हेच, की तो सुधारावा."

म्हणजे देवसुद्धा विरोधी गटात होता.

सामना सुरू झाला. व्हर्लननं डोळ्यांत बोटं घातली, दोर धरून लाथा मारल्या, पंचावर थुंकला. हॉल त्याच्याकडे शाळेच्या नाटकाकडे बघावं तसा बघत होता. डेनीनं त्याला दोरांवरून बाहेर फेकलं आणि तो आमच्या पायांशी येऊन पडला. हे ठरलेलं नव्हतं. दोन हात डावीकडे पडायचं होतं. गुडघ्यांवर उठला, ओठ फुटलेला, आणि समोर लेटी.

तिनं ओळखलं. रक्त, रंग, मखमल या कशाचीही तिला अडचण वाटली नाही. दोन्ही हात पुढे केले आणि हिरड्या दाखवून हसली. तिची मूठ त्याच्या बाहीवर बसली.

सगळा हॉल "आई गं" म्हणाला. एका सुरात.

मी व्हर्लनचा चेहरा बघत होते. तो विरघळायला लागला होता, कडांपासून. आणखी एक श्वास, आणि तो हसला असता. तो हसला असता की आम्ही सोमवारी सामान बांधलं असतं. मी वाकले, जणू पोरीला सावरते आहे, आणि दातांतल्या दातांत म्हटलं, "हसलास तर बघ. झटक तिला."

"काय?"

"बाही झटक. हिला नाकार. आत्ता."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की पिन परवडली. "आर्व्ह, नाही जमणार."

"मग खाणीत जा," मी म्हटलं.

तो सावकाश उभा राहिला. लेटीची बोटं बाहीवरून एकेक करून सोडवली, कडेनं, दोन नखांत धरून. अत्तराचा रुमाल काढला. बाही पुसली. मग लंडनच्या त्या घसरड्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं म्हणाला,

"बाई, हे गावठी पिल्लू दूर ठेवा. हे माझं नाही. नाक बघा त्याचं. सरळ हॅझल फोर्कचं आहे."

हॉलमध्ये यंत्रातल्या लाह्या फुटलेल्या तेवढ्या ऐकू आल्या.

मग छप्पर हललं. खुर्च्या उडाल्या. पोस्टातली मुलगी असे शब्द बोलली की पाद्रींनी कान झाकले, आणि मग स्वतःच एक वापरला. ओमा मावशींचा हात टोपीतल्या पिनेकडे गेला आणि या वेळी त्यांनी दुसरी मांडी निवडली. मी रडत होते. फार छान रडले असं नंतर हॉब काका म्हणाले. शिकवून येत नाही म्हणाले. डेनी बिचारा, मित्राचं लेकरू नाकारलं गेलेलं बघून खराच भांबावला आणि वेळेच्या आधीच चीत झाला. लोकांना वाटलं, धक्क्यानं.

नोकरी वाचली. पुढच्या शनिवारी हॉल इतका भरला की मुलं बास्केटबॉलच्या खांबांवर चढली.

माझ्या दारच्या ओट्यावर आता रोज काहीतरी असतं. घेवडा, मक्याचा पाव, केक, एकदा अख्खं खारवलेलं डुकराचं मांस. पाद्री येऊन सांगून गेले की अशा माणसाला सोडलं तर देव रागावणार नाही. पोस्टातल्या मुलीचा भाऊ बायकोच्या शोधात आहे, तेही कळलं. व्हर्लन मागच्या ओढ्यातून घरी येतो, बूट हातात घेऊन. पडदे ओढले की लेटी त्याच्या छातीवर झोपते, आणि तो ती उठेपर्यंत हलत नाही, मुंग्या आल्या तरी. बाहेर तिला हात लावायचा नाही. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर, आम्ही पुढे.

परवा किराणा दुकानात त्याची-आमची गाठ पडली. टाळता आली नाही, तो पिठाच्या पोत्यांपाशी होता आणि मी दुधापाशी. लेटी आता बसायला लागली आहे. तिनं त्याला बघितलं आणि माझ्या कडेवरून अक्षरशः उडी घेतली त्याच्या दिशेनं, दोन्ही हात लांब करून. दुकानातली सगळी माणसं बघत होती. व्हर्लननं रुमाल नाकाशी नेला, पाठ फिरवली आणि निघून गेला. जरा जास्तच भरभर गेला, एका खांबावर आपटला.

लेटीनं जो टाहो फोडला, तो थांबेचना. लाल झाली, श्वास अडकला, त्या दाराकडे बोट करून करून रडली.

दुकानदारीणबाई धावत आल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बघा गं बायांनो, कशी भेदरली. एवढ्याशा जिवालासुद्धा कळतं, माणूस कसा आहे ते."

"हो ना," मी म्हटलं. "लगेच कळतं तिला."