रिकामी सोडता न येणारी चौकट

"एजे, ही चाचणी पुढच्या फेरीत घेऊ या," असं म्हणत प्रोग्रामर इल्गिझने भिंतीवरचं पिवळं कार्ड उचललं आणि त्याच्या या 'एजे'ने, म्हणजे बेरमेतताईने, तोंड उघडायच्या आत पुढच्या पंधरवड्याच्या रकान्यात चिकटवलंसुद्धा.

किर्गिझस्तानातल्या बिश्केकच्या त्या कचेरीत सगळं काम पंधरवड्याच्या फेऱ्यांत चाले. प्रोग्रामर मंडळी आधी ॲप बनवून मोकळी होत आणि मग डिझायनर बेरमेतला विचारत, "कसं दिसतंय?" ॲप होतं घरी नर्स बोलावण्याचं. वापरणार म्हातारी माणसं, आणि त्यांना दाखवायलाच कुणाला सवड नव्हती.

पहिलं तुम्हीच वापरून बघायचं, असा शब्द तिने वडिलांना दिला होता. सादिरकुल निवृत्त बसचालक, दूर कोचकोर गावात धाकट्या मुलाकडे राहायचे. दर रविवारी फोनवर विचारायचे, "पोरी, माझी परीक्षा कधी?"

"पुढच्या फेरीत, बाबा."

मग त्यांनी विचारणं सोडलं. तिला वाटलं, कंटाळले. भाऊ म्हणाला, "हल्ली विसरतात गं," तेही तिने वयावर ढकललं. हिवाळाभर तिला जायला जमलं नाही.

वसंतात एकदाचा त्या कार्डाचा नंबर लागला. इल्गिझला घेऊन ती कोचकोरला गेली.

"या, बसा. शहरातून आलात वाटतं?" वडील म्हणाले. बेरमेत हसली. थट्टा करायची त्यांची जुनीच खोड.

चाचणीचा नियम तिनेच घालून दिला होता: वापरणारा अडला तरी सांगायचं नाही, खुणवायचं नाही, गप्प बघत राहायचं. वडिलांनी मोठं बटण झटक्यात शोधलं. इल्गिझ खूश झाला. मग चौकट आली, 'जवळच्या माणसाचं नाव'. तिथे त्यांचं बोट थांबलं.

"मुलगी आहे मला," ते म्हणाले. "हुशार आहे हो. नाव... आत्ता तर जिभेवर होतं." त्यांनी बेरमेतकडे पाहिलं. "बाई, तुम्ही शहरातल्या. तुमच्या ओळखीची असेल ती?"

ओरडून सांगावं, मीच ती, असं बेरमेतला वाटलं, पण ती त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेची खूण शोधत राहिली. नियम वगैरे ती केव्हाच विसरली होती.

"एजे, सांगा ना त्यांना," इल्गिझ कुजबुजला.

"राहू द्या, रिकामंच सोडतो," वडील म्हणाले. "तिला कामं असतात. उगीच कशाला त्रास द्यायचा?"

पण ती चौकट रिकामी सोडून पुढे जाता येत नव्हतं. तसं बेरमेतनेच ठरवलं होतं, कुणी म्हातारा माणूस एकटा पडू नये म्हणून. वडील बटण दाबत राहिले. दर वेळी लाल अक्षरं उमटत होती: नाव भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

"माझंच काहीतरी चुकतंय, बाई," ते ओशाळून म्हणाले.

"नाही हो बाबा. तुमचं काहीच चुकलं नाही." तिने त्यांचा हात धरला आणि तिला रडू आवरेना.

परक्या बाईला का रडू येतंय, हे सादिरकुलना कळेना. त्यांनी हळूच हात सोडवून घेतला आणि पाहुणीपुढे करावी तशी पावाची ताटली तिच्याकडे सरकवली.