तिच्याशेजारचा चौकोन

धाकट्या बहिणीने टॅब पेंटरच्या पुढ्यात ठेवला आणि दोन बोटांनी वंशवृक्ष मोठा केला. जेवणाचा डबा तिने आल्याआल्या ओट्यावर ठेवला होता. त्याने तिकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

"आता बघ. सकाळी तू पाठवलेली लिंक उघडली की मला हे असं दिसतं. वर पणजोबा, खापरपणजोबा, सगळे थाटात. आणि खाली आपण, बिनचेहऱ्याचे."

"हयात माणसांची नावं बाहेरच्यांना दिसत नाहीत," पेंटर म्हणाला. "त्या साइटचा नियमच आहे. नुसता राखाडी चौकोन आणि खाली लिहितात, हयात."

"ते कळलं रे. तू आणि मी अजून उलथलो नाही, म्हणून आपण राखाडी. पण तुझ्याशेजारी वहिनी का राखाडी?"

पेंटरने टेबलावरचा चष्मा उचलला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि होता तिथेच परत ठेवला.

आयुष्यभर या माणसाने दुसऱ्यांची नावं रंगवली. दुकानांची, दवाखान्यांची, ट्रकच्या मालकांची. बायको म्हणायची, गावाची नावं लिहिता, पण आपल्या दारावर पाटी लावायला काही तुम्हाला सवड नाही. ती गेली तेव्हा त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. पेंटर म्हणजे निव्वळ दगड, असं नातेवाइकांनी आपसांत म्हणूनही घेतलं. त्यालाही ते पटलं होतं. आत चाचपून पाहावं तर खरंच काही हाताला लागत नव्हतं. सकाळ झाली की तो उठायचा, ताटात येईल ते गिळायचा आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसायचा. जेवण खारट होतं की अळणी, हे कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

वंशवृक्ष मुळात तिचा. आजारपणात अंथरुणावर बसून तिने तो सुरू केला, आणि तोही सासरच्या माणसांचा. "माहेरची मला तोंडपाठ आहेत, तुमचाच कुणाला थांगपत्ता नाही," असं म्हणायची. जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी ऑनलाइन हुडकायच्या, पुसट अक्षरं मोठी करून बघायची, अडलं की त्याला हाक मारायची. कसलंही अक्षर लावून वाचण्यात तो वस्ताद. तिच्यामागे त्याने ते काम तसंच पुढे ओढलं. मृत्यूची तारीख सापडली की रकान्यात भरायची आणि बटण दाबायचं. शंभर वर्षांपूर्वीची माणसं मारताना त्याचा हात कधी अडखळला नव्हता.

"संध्याकाळी सगळं गणगोत फोनवर जमणार आहे," बहीण म्हणाली. "पुरं झालं की सगळ्यांना दाखवा, हे वहिनीचंच म्हणणं होतं ना? आणि जिने एवढा खटाटोप केला तिचंच नाव नाही. काय सांगू त्यांना? दादा विसरला म्हणून?"

"विसरलो नाही मी."

"मग तारीख भर. त्याला काय लागतं?"

"तिने भरू नका म्हटलं होतं."

"म्हणजे?" बहिणीने विचारलं.

"मृत्यूची तारीख नसली की ते लोक एकशे दहा वर्षांपर्यंत माणूस हयातच धरतात," पेंटर म्हणाला. "तिला हे कळलं तेव्हा इतकी हसली, इतकी हसली की खोकल्याची उबळच आली. म्हणाली, अहो, माझी तारीख भरूच नका. फुकटात एकशे दहा वर्षं जगून घेते."

"दादा, थट्टा होती रे ती."

"मला कळत नाही का?"

"मरणालाही चिमटे काढायची बाई ती." बहिणीने पदराने नाक पुसलं. मघाचा तिचा राग कुठल्या कुठे गेला होता. "तुला जमत नसेल तर राहू दे. मी भरते."

"नको. तू नको."

त्याने चष्मा लावला आणि आपला कॉम्प्युटर जवळ ओढला. तिच्या नावावर गेला. हयात आहे का, या प्रश्नापुढची 'हो'वरची खूण काढून 'नाही'वर केली. तारीख त्याला आठवावी लागली नाही, पण टाइप करताना दोनदा चुकली. शेवटी जतन करू का, असं साइटने विचारलं. उंच शिडीवर बारीक अक्षर काढताना तो उजवं मनगट डाव्या हातावर टेकवायचा. तसंच आत्ता टेकवलं आणि बटण दाबलं.

बहिणीने टॅबवर ते पान पुन्हा उघडलं.

"आली बघ," ती म्हणाली आणि टॅब त्याच्याकडे सरकवला.

राखाडी रंग जाऊन तिथे फोटो आला होता. ती कॅमेऱ्याकडे न बघता कुणावर तरी हसत होती. खाली तिचं पूर्ण नाव होतं. अक्षरं फार दाटीने बसवलीत, आपण जरा सुटी काढली असती, असं पेंटरच्या मनात येऊन गेलं.

मग त्याची नजर तिच्याशेजारच्या चौकोनावर गेली. इतके दिवस दोघं सारखेच होते, राखाडीला राखाडी लागून. आता तिला चेहरा होता, नाव होतं, दोन्ही तारखा होत्या. ह्याच्याकडे काही नव्हतं, खाली तेवढा एक शब्द.

"हयात," त्याने वाचलं. परक्या गावातली पाटी वाचावी तसं.

"काय रे?"

"काही नाही."

त्याने चष्मा काढून ठेवला. मग उठला, ओट्यापाशी गेला आणि डब्याचं झाकण काढून उभ्या उभ्याच एक घास तोंडात घातला. चावता चावता थांबला.

"मीठ जास्त झालंय गं," तो म्हणाला, आणि दुसरा घास घेतला.