चाकाखालची लिंबं

लिलावातली जुनी मिलिटरी जीप वैजनाथनं कळमनुरीच्या जीपवेड्या दोस्तांना घेऊन आठ महिन्यांत उभी केली. फक्त हँडब्रेकची तार यायची होती. म्हणून पुसेगावच्या घरापुढच्या उतारावर चाकांना दगड लावलेले असत. ते जागेवर आहेत ना, हे त्याची बायको अंजली दिवसातून दहादा बघायची, कारण उताराच्या शेवटी बिनकठड्याची विहीर होती आणि पाच वर्षांची छकुली सारखी जीपमध्ये चढायची.

दसऱ्याला पूजा मांडली. नैवेद्य घेऊन अंजली बाहेर आली, तर छकुली स्टेअरिंगवर आणि चाकांखाली दगडांऐवजी लिंबं.

"दगड काहून काढले, भाऊजी?"

चाकाशी बसलेला वैजनाथचा दोस्त तातेराव हसला. "लिंबं कुठं ठेवावं मग? गाडी गेअरमधी हाय, वहिनी. तुमी लई भेता."

छकुलीनं दोन्ही हातांनी गेअरचा दांडा ओढला. लिंबू फुटल्याचा बारीक आवाज झाला. ताट टाकून अंजली धावली आणि तिनं लेकीला खेचून काढलं. दोस्तांनी जीप धरली, तातेरावनं दगड सरकवला. तोवर ती चार हात पुढं गेली होती.

"बघा वहिनी, बराबर बसला का?" त्यानं खालच्या आवाजात विचारलं.

छकुलीला कडेवर घट्ट धरून अंजलीनं दगडाला पाय लावून पाहिला. मग दुसऱ्या चाकाकडं गेली.