चोवीस खांद्यांवरचं घर

फोर्तुनातो लागुंबाय, सगळ्यांचा नातो, छत्तीस वर्षं मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होता. वर्षातले दहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. त्याची बायको पेमिंग शेजारणींना सांगायची, "लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण संसार सहाच वर्षांचा." शेजारणी हसायच्या. पेमिंगही हसायची, पण जरा उशिराने.

साठी झाली तेव्हा कंपनीने नातोला भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. उरलेलं आयुष्य समुद्राकाठी, परवडेल अशा जागी काढायचं, हे दोघांचं पत्रांतून कधीच ठरलं होतं. पत्रात काय, सगळंच सोपं असतं. शहराजवळचा किनारा गोऱ्या म्हाताऱ्यांनी केव्हाच बळकावला होता. पुढच्या गावात दलालाने झकास जागा दाखवली, फक्त ती ओहोटीला जमीन होती आणि भरतीला समुद्र. "म्हणून तर भाडं अर्ध्याच दिवसाचं घेतो," तो म्हणाला.

शेवटी सान तेलमो नावाच्या वस्तीचा प्रमुख बासिलियो भेटला. वस्तीप्रमुखाला तिकडे सगळे कॅप्टन म्हणतात. नातोच्या कपाळाला तिथेच पहिली आठी पडली. जन्मभर कॅप्टनांचं ऐकून तो कंटाळला होता.

"अहो नोंग, जागा विकत घ्यायचीच कशाला?" बासिलियो म्हणाला. वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे नोंग म्हणतात आणि बाईला नांग. "बांबूचं घर बांधा आणि टेकवा कुठेही. नाही आवडली जागा, तर उचलून दुसरीकडे नेऊ. चोवीस गडी आहेत आपल्याकडे."

"आणि त्यांची मजुरी?" नातोने विचारलं.

"छ्या! शेजाऱ्याचं घर उचलायची कोणी मजुरी घेतं का? पोटभर जेवण आणि घोटभर माडी, बस्स."

इतकी सोयीची गोष्ट ऐकून खरं तर माणसाने सावध व्हायला हवं. पण दोघं हुरळली.

घर अगदी वाळूवर उभं राहिलं. बांबूच्या भिंती, झावळ्यांचं छप्पर, समुद्राकडे मोठी खिडकी. पहिले दोन महिने दृष्ट लागावी असे गेले. नातो मासे तळायचा, पेमिंग खिडकीत बसून खायची. एकदा तर दोघं रेडिओ लावून नाचली आणि जमिनीचा एक बांबू मोडला.

तिसरा महिना लागला आणि नातोने स्वयंपाकाचे सगळे डाव भिंतीवरच्या आकड्यांना टांगले, मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने. साडेअकराच्या ठोक्याला तो ताटलीवर चमचा वाजवून जेवायला बोलवू लागला. पेमिंग छत्तीस वर्षं भूक लागेल तेव्हा, खिडकीशी उभ्यानेच भात खात आली होती. ती काही बोलली नाही. त्यानेही, ही दिवसभर समुद्राकडे काय टक लावून बसते, असं विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "लाटांच्या आवाजाने झोप येत नाही. बोटीवर इंजिनाची घरघर असायची, ती बरी होती. आत सरकू या."

चोवीस गडी आले. घराखाली लांब बांबू सारले, हो-हो करत घर खांद्यावर घेतलं आणि चर्चमागच्या नारळीच्या बागेत नेऊन ठेवलं. नातोने पातेलंभर पान्सित केलं. शेवया, कोळंबी, वर लिंबू. पातेल्यात घासायलासुद्धा काही उरलं नाही.

आता नारळीतून समुद्र दिसेना. पेमिंगचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "इथे डास फार." घर टेकडीवर गेलं. तिथून समुद्र दिसायचा पण ऐकू यायचा नाही, म्हणजे दोघांचीही सोय. आठवड्याने नातोला वाटलं, वारा फार आहे. घर खाली आलं, बासिलियोच्या डुकरांच्या गोठ्याशेजारी. ती जागा का नको, हे कोणाला सांगावं लागलं नाही.

प्रत्येक वेळी पान्सित, प्रत्येक वेळी माडी. गावाला चटक लागली. चार-पाच दिवस घर जागचं हललं नाही की कोणीतरी दारात यायचं. "नांग पेमिंग, इथे उकडतंय का हो? मला मेलं उगाच वाटलं." दुसरा भिंत ठोठावून म्हणायचा, "घर कंटाळलेलं दिसतंय." पाद्रीबुवा प्रत्येक जागी नव्याने आशीर्वाद द्यायचे आणि नव्याने जेवायचे. पाचव्या खेपेपासून गावचा बँड पुढे चालू लागला. पोस्टमन मात्र रडकुंडीला आला आणि पत्रं परस्पर बासिलियोकडे टाकू लागला.

त्यातच एक पत्र नातोच्या नावाचं होतं. बासिलियोने ते चुकून पेमिंगच्या हातात दिलं आणि तिने ते फोडून वाचलं. बेटांमधल्या फेरीबोटीवर स्वयंपाकी हवा होता. साठीचा चालेल, आणि नातोने स्वतःहून अर्ज केलेला दिसत होता. बोट सोमवारी सुटणार होती.

पेमिंगने पत्र टेबलावर ठेवलं. आवाज तिने सपाट ठेवला. "जाणार आहेस?"

"मनासारखी जागाच मिळत नाहीये," नातो तिच्याकडे न बघता म्हणाला. "शनिवारी घर पुन्हा नारळीत नेऊन बघतो. तिथेही नाही जमलं, तर जातो."

"शनिवारी घर समुद्रावर जाईल. मी माझी माणसं बोलावलीत."

खरं तर तिने तोवर कोणालाच बोलावलं नव्हतं. ती उठली आणि बोलावून आली.

शनिवारी बारा गडी नातोचं पान्सित खाऊन आले आणि बारा पेमिंगचं भाजलेलं डुक्कर खाऊन. नवरा-बायको घरात टेबलाच्या दोन बाजूंना बसली. जो आधी बाहेर पडेल तो हरला, हे न बोलताच ठरलं होतं. बासिलियोने विनवलं, पाद्रीबुवांनी देवाचं नाव घेतलं, पण कोणी हलेना.

"राहू देत आत," एक गडी म्हणाला. "वजनाला काय, दोन पोती जास्त!"

घर उचललं गेलं. बारा जण समुद्राकडे ओढू लागले, बारा नारळीकडे. घर चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत वस्तीच्या मधोमध, बास्केटबॉलच्या मैदानावर येऊन गोल फिरू लागलं. बँडवाल्यांना कुठे चालावं कळेना, तेही घराभोवती वाजवत फिरले.

मग बासिलियोला न्यायबुद्धी सुचली. "करवत आणा रे!" तो ओरडला. "मधोमध कापू. अर्धं समुद्रावर, अर्धं नारळीत. भांडणच मिटलं!"

गड्यांनी आनंदाने आरोळी ठोकली. दोन घरं म्हणजे दुप्पट जेवणं. थोड्या वेळात कुठूनतरी लांबलचक करवत आली, आणि अधांतरी घराच्या खालून तिचं दातेरी पातं जमिनीच्या बांबूंमधून वर आलं, टेबलाच्या बरोबर मध्ये. खर्र, खर्र. भुसा पेमिंगच्या पावलांवर पडू लागला.

पेमिंगने त्या पात्याकडे पाहिलं. मग त्या दिवशी पहिल्यांदाच तिला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले.

"नातो, इतक्या वर्षांत आपण तिसऱ्या महिन्यात कधी एकत्र होतो रे?"

नातोने मनात आठवून पाहिलं. "कधीच नाही. दोन महिने झाले की मी निघायचो."

"म्हणून आपण कधी भांडलो नाही. मला राग यायच्या आत तू बंदरात असायचास. मग मी खिडकीत बसून तुझी वाट बघायची. तू घरात आहेस तरी मी अजून तिकडेच बघते. तुझ्याकडे बघायची सवयच नाही मला."

घर डाव्या बाजूला कललं. नातोने दोन्ही हातांनी टेबल धरलं.

"मला वाटायचं, तुला मी नकोच आहे," तो म्हणाला. "तुझं माझ्याशिवाय सगळं छान चाललेलं होतं. भात उभ्याने काय, नि खिडकी काय. म्हणून मग मी डाव टांगत बसलो."

"मला ते डाव असे टांगलेले अजिबात आवडत नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"घर उचलणं सोपं होतं."

पेमिंग उठली, डोलत्या घरात तोल सांभाळत खिडकीशी गेली आणि डोकं बाहेर काढलं.

"खाली ठेवा घर!"

"कुठे, नांग?" खालून बासिलियोने विचारलं. "समुद्रावर की नारळीत?"

"आहात तिथेच."

"अहो, हे बास्केटबॉलचं मैदान आहे! उद्या सामना आहे!"

"सामना बाजूने खेळा. ती करवत काढा, घर खाली ठेवा आणि आपापल्या घरी जा. आम्हाला भांडायचंय."

गडी एकमेकांकडे बघू लागले. "आणि जेवण?" मागून कोणीतरी हळूच विचारलं.

"आज नाही. उद्याही नाही."

घर दाणकन जमिनीवर आलं. पेमिंगने खिडकी लावून घेतली आणि येऊन नातोच्या समोर बसली, समुद्राकडे पाठ करून. बाहेर पावलं पांगली, बँडही गप्प झाला.

नातोने घसा खाकरला. "कुठून सुरू करायचं?"

"तुझ्या पहिल्या बोटीपासून," पेमिंग म्हणाली.

नातो उठला आणि त्याने मोठ्या पातेल्यात दोघांपुरता, सोमवारची बोट सुटून जाईपर्यंत पुरेल एवढा भात टाकला.