क्रांतिदालनातली बाई

आमच्या बागेत सकाळचं पहिलं काम माझं असायचं. क्रांतिदालनाचं कुलूप काढायचं, पंखे लावायचे आणि पुतळ्यांच्या मोटारींना तेल द्यायचं. बाग म्हणजे रत्नागिरीहून पालीकडे जाताना वर सड्यावर, कातळाच्या माळावर आहे ती. पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या आणि भुताचा बंगला असलेली. आताचा मालक शुभंकर, त्याच्या वडिलांनी ती काढली तेव्हा सगळ्यांत आधी क्रांतिदालन बांधलं. आधी देश, मग पाळणे, असं ते म्हणायचे. तेव्हापासून मी तिथे वायरमन आहे.

दालनात मिठाच्या सत्याग्रहाचा देखावा होता. मिठागर, काठ्या घेतलेले शिपाई, एक गोरा साहेब आणि मधोमध झेंडा धरलेली नऊवारीतली बाई. बटण दाबलं की घोषणा सुरू व्हायच्या, साहेबाचा हात खाली यायचा आणि बाईचा झेंड्याचा हात वर जायचा.

त्या बाईचा चेहरा माझ्या बायकोचा, गोदाचा, असं सगळे म्हणत.

पुतळे केले होते दादूने. दादू माझा लहानपणापासूनचा सोबती. त्याची गणपतीची शाळा आहे, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना. दालनाचं काम चाललं होतं तेव्हा गोदा आम्हा दोघांचा डबा घेऊन यायची. एक दिवस ती आली तर बाईचा पुतळा उभा होता. गोदा डबा हातात घेऊन बघत राहिली आणि म्हणाली, "अगो बाई, ही तर मीच!" झालं. तिने शेजारी सांगितलं, माहेरी सांगितलं. बाजारात मासे घेताना कोळणीलासुद्धा सांगितलं. बागेतले लोकही तेच बोलू लागले.

गोदाला जाऊन आता वर्ष होत आलं. शेवटी तिला पक्षाघात झाला होता. उजवा हात हलायचा नाही. पोलक्याच्या बाहीत तो घालायचा म्हणजे मी कोपराखाली धरून हळूहळू उचलायचो. ती दुसरीकडे बघायची.

आणि दालनातल्या बाईची मोटार जुनी. हात अर्ध्यावर जायचा आणि थांबायचा. मग मी आत शिरून कोपराखाली हात घालायचा आणि तो वर सारायचा. रोज. सहलीच्या दिवसांत तर एकसारखं.

पोरं हसायची. साहेबाच्या हातातली छडी कधीच गळून पडली होती, मिशी एका बाजूने सुटली होती.

"साहेब बघ, आशीर्वाद देतोय!"

"आणि बाई रिक्षा थांबवतेय!"

मास्तर ओरडायचे, पण तेही तोंड फिरवून हसायचे. मग पोरं भुताच्या बंगल्याकडे धावायची.

हेही मी सोसलं असतं. पण हळूहळू वेगळंच होऊ लागलं. डोळे मिटून गोदाला आठवायला गेलो की पुतळी समोर यायची. गुळगुळीत गाल, रंगवलेल्या भिवया, न मिटणारे डोळे. खरी गोदा कशी दिसायची ते मला आठवेनासं झालं. भिंतीवरच्या फोटोचाही उपयोग नव्हता, कारण फोटोवाल्याने ती इतकी गोरी करून दिली होती की ती स्वतःच म्हणाली होती, ही कुणाची बायको? मला भीती वाटायला लागली. हे दालन असंच चालू राहिलं तर माझी बायको मला पुन्हा दिसणार नाही. पण हे सांगणार कुणाला? देशाचं दालन, त्यात बायकोचा चेहरा, आणि ते मोडा म्हणून मीच कसा बोलू?

अशात डिसेंबरात शुभंकरने सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. वडिलांच्या मागे बाग तोच चालवतो. म्हणाला, मे महिन्याच्या सुट्टीआधी क्रांतिदालन काढायचा विचार आहे. त्या जागी सिनेमाचा मोठा गोल पडदा लावायचा, आणि बाहेर एक छोटं मिठागर करायचं. पोरांनी पाण्यात उतरून मीठ ओढावं.

येसूबाई तिकिटाच्या खिडकीवर बसते. शुभंकरला तिने चड्डीत बघितलेलं आहे, त्यामुळे ती त्याला घाबरत नाही.

"भुताच्या बंगल्याला रंग काढलास यंदा," ती म्हणाली. "भुतं राहणार, आणि देशासाठी मार खाल्लेली माणसं जाणार. चांगलं हाय."

"मावशी, पोरं हसतात हो त्यांना. तुम्हीच बघता ना?"

"हसतात तर मिशी चिकटव. हसतात म्हणून कोण घरातली म्हातारी बाहेर काढतं काय? उद्या मला हसतील."

"तुम्हाला हसायची हिंमत कुणाची आहे?"

सगळे हसले. येसूबाई हसली नाही. "आणि गोदा? तिचा चेहरा हाय तिथे. तो काय भंगारात घालणार?"

शुभंकर माझ्याकडे वळला. पोरगा मनाने चांगला आहे. गोदाच्या हातची फणसाची भाजी त्याने खाल्ली आहे.

"रावजीकाका, तुम्हाला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही. तुम्ही सांगा. ठेवू की काढू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. काढ, एवढाच शब्द बोलायचा होता. तो तोंडापर्यंत आला आणि तिथेच अडकला. डोळे भरून आले. मी मान खाली घातली.

"बस," शुभंकर उठला. "समजलं काका. दालन राहणार. नवीन मोटार बसवतो. आणि दादूकाका, काकींना नवा रंग द्या. अगदी होत्या तशा दिसल्या पाहिजेत."

येसूबाईने पदर डोळ्यांना लावला. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, संपलं आता. नवा रंग म्हणजे आणखी पंधरा-वीस वर्षं.

संध्याकाळी दादू आणि मी उतरणीने घराकडे निघालो. वाटेत चिऱ्याचा बुटका गडगा आहे, तिथे मी बसलो.

"दादू, तू रंग देऊ नको."

"का रे?"

"ते दालन मोडलं तर बरं होईल. मला बघवत नाय ते. डोळे मिटले की तीच दिसते, गोदा दिसत नाय."

दादू खाली बसला. टोपी काढली, पुन्हा घातली.

"रावज्या, एक सांगू? मारशील मला."

"बोल."

"तो चेहरा वैनीचा नाय."

"म्हणजे?"

"अरे, गवरीचा हाय! थोरले शेठ घाई करत होते, पंधरा ऑगस्टला उद्घाटन. चेहरा घडवायला सवड कुठे होती? गणपतीत गवरीचे मुखवटे करतो ना मी, तो साचा घेतला, दाबला आणि बसवला. तेवढ्यात वैनी डबा घेऊन आली. ही तर मीच, म्हणाली. इतकी खूश झाली मेली, की माझ्याच्याने बोलवेना. म्हटलं, असू दे. मग गावभर झालं. मग कसं सांगणार?"

"गवरीचा?"

"त्याच साच्यातली गवर दर भादव्यात तुझ्या घरात बसते. तीन दिवस समोर बसून जेवतोस. कधी निरखून बघितलीस?"

मी आठवू लागलो. गवर आठवली. गुळगुळीत गाल, रंगवलेल्या भिवया. तीच. आणि मला हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना. दादू घाबरला, त्याला वाटलं रडतोय. मग तोही हसायला लागला. वरून एक रिक्षा आली, तिने आम्हाला बघून वेग कमी केला आणि पुन्हा वाढवला.

"गोदाला कळलं असतं तर?" मी विचारलं.

"तुला घरात घेतलं नसतं, आणि मला शाळेत शिरून मारलं असतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे शुभंकरकडे गेलो. येसूबाई तिथेच चहा घेत होती. मी म्हटलं, "शुभंकर, दालन काढ. काल मला बोलता आलं नाय." आणि दादूने सगळं सांगितलं.

शुभंकरने दोन्ही हात डोक्याला लावले. येसूबाईने कप खाली ठेवला. मला वाटलं आता ही आमच्यावर तुटून पडणार. ती पडलीच, पण वेगळ्या कारणावरून.

"गवर? ती गवर हाय? इतकी वर्षं तुम्ही गवर अडवून ठेवलीत, मेल्यांनो?"

"अहो येसूबाई, नुसता साचा..."

"तू गप, दादू! माहेरवाशीण ती. येते, जेवते, जाते. तिसऱ्या दिवशी पाठवायची तिला, आणि तुम्ही तिच्या हातात झेंडा देऊन उभी केलीत? न जेवताखाता? म्हणून हात उचलत नाय तिचा!" मग ती शुभंकरकडे वळली. "काढ ते दालन. आजच्या आज काढ."

"मावशी, काल तुम्हीच म्हणालात..."

"काल मला माहीत नव्हतं. पण एक ऐक. दालनासमोरचा झेंड्याचा खांब हाय तिथेच राहील. आणि तुझ्या पडद्यावर त्या माणसांचं नीट दाखव. हसण्यासारखं काय करशील तर तिकीट फाडायची नाय मी."

"कबूल," शुभंकर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, त्यालाही सुटल्यासारखं वाटत होतं.

आजच्या आज झालं नाही. सहली संपल्यावर, सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन करून मग दालन मोडायला घेतलं. साहेब आणि शिपाई आधी निघाले. साहेबाची उरलेली मिशी दादूने खिशात टाकली, का ते त्यालाच ठाऊक. बाईची पाळी आली तेव्हा येसूबाई पुढे झाली. पदराने चेहऱ्यावरची धूळ पुसली, हळदकुंकू लावलं, ओटीत नारळ आणि तांदूळ घातले. घरून भाकरी आणि भाजी बांधून आणली होती, ती शिदोरी शेजारी ठेवली. "सावकाश जा गो," म्हणाली. "उशीर झाला तुला, आमची चूक झाली."

मोटारीचा दांडा मीच सोडवला. त्यासाठी कोपराखाली हात घालावा लागला. हात अजिबात जड नव्हता. आत पेंढा आणि काथ्या, वर प्लास्टर. एवढंच. आम्ही दोघांनी तिला उचलून टेम्पोत आडवी ठेवली. दादू तिला आपल्या शाळेत घेऊन गेला. प्लास्टरची म्हणून समुद्रात सोडता येत नाही, पण चेहरा उतरवून तो नीट ठेवीन, म्हणाला. मी त्याला कुठे ते विचारलं नाही.

घरी आलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. बांगडे आणले होते. विळीवर बसून साफ करायला घेतले. हे काम माझं कधीच नव्हतं, त्यामुळे मी ते वाईट करतो. खवलं इकडेतिकडे उडत होती. आणि एकदम गोदा दिसली. दारात उभी, केस सुटलेले, नाकावर घाम, गालाला एक खवलं चिकटलेलं. एक भिवई दुसरीपेक्षा विरळ, लहानपणी चुलीत भाजलेली. ती माझ्यावर वैतागली होती. असं कापतात काय, असंच काहीतरी म्हणत असावी.

मी विळीवरून हात काढला आणि तिच्याकडे बघत बसलो. घाई नव्हती. ती गेली नाही.